आठवड्याचे १६८ तास : आरोग्यसेवेतील काम, स्वतःची काळजी आणि समाजसेवा

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत :

१) आठवड्यातील तासांचा जमाखर्च मांडणे आणि तो कुठे तुटीत जातो ते ओळखणे.
२) कामाचा भार क्षमतेच्या शंभर टक्क्यांजवळ गेला की काय होते, ते रांगांच्या सिद्धांतावरून समजावून सांगणे.
३) थकवा आणि चुका यांच्यातील संबंध अभ्यासांच्या आधारे मांडणे.
४) झेपेल, टिकेल आणि समाजाला खरोखर उपयोगी पडेल अशी सेवा निवडणे.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा फार्मसी शिकत असतील. काही जण अभियांत्रिकीचे असतील आणि पुढे रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर, उपकरणे किंवा ड्युटीची वेळापत्रके तयार करतील. दोघांनाही एक प्रश्न भेटणारच आहे. रुग्णसेवेसारखे मागणी करणारे काम, स्वतःचे आरोग्य आणि समाजासाठी काहीतरी करण्याची इच्छा ही तिन्ही एका आठवड्यात बसवायची कशी?

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर आपल्या परिचयाचे आहे. वेळेचे नियोजन करा, पहाटे उठा, योगासने करा, मन प्रसन्न ठेवा. सल्ला वाईट नाही, पण अपुरा आहे. आठवड्याला शंभर तास ड्युटी करणाऱ्या निवासी डॉक्टरला 'वेळेचे नियोजन कर' असे सांगणे म्हणजे पाच टनांच्या पुलावरून आठ टनांचा ट्रक नेणाऱ्याला 'नीट चालव' असे सांगण्यासारखे आहे. चालक कितीही कुशल असला तरी पुलाची क्षमता बदलत नाही.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे कोणतीही रचना करताना भार आधी मोजतात आणि मग क्षमतेत काही भाग मुद्दाम मोकळा ठेवतात. या पाठात तीच पद्धत माणसाच्या आठवड्याला लावून पाहू. पाठाचा मुख्य मुद्दा असा : विश्रांती आणि समाजसेवा यांना 'उरलेल्या वेळेत' ठेवले, तर त्या कधीच होत नाहीत. त्यांची जागा आराखड्यातच हवी, आणि तो आराखडा एकट्या व्यक्तीने नव्हे, तर व्यक्ती आणि संस्था या दोघांनी मिळून करायचा आहे.

२. तासांचा जमाखर्च

आठवड्यात ७ गुणिले २४, म्हणजे १६८ तास असतात. ही रक्कम श्रीमंत-गरीब, प्राध्यापक-विद्यार्थी सर्वांना सारखीच मिळते. तिच्यातून दोन खर्च आधी वजा करू.

झोप : रोज ७ तास धरले तर आठवड्याला ४९ तास.
देहधर्म आणि घरकाम : जेवण, आंघोळ, कपडे, प्रवास, बाजारहाट यांसाठी रोज ४ तास धरू. आठवड्याला २८ तास.

दोन्ही मिळून ७७ तास झाले. उरले ९१ तास. ड्युटी, अभ्यास, घरची माणसे, व्यायाम, छंद आणि समाजसेवा हे सगळे या ९१ तासांत बसवायचे आहे. आता ड्युटीचे वेगवेगळे तास घेऊन शिल्लक काढू.

४८ तास ड्युटी : शिल्लक ४३ तास
७४ तास ड्युटी : शिल्लक १७ तास
८० तास ड्युटी : शिल्लक ११ तास
१०० तास ड्युटी : शिल्लक उणे ९ तास

शेवटची ओळ नीट पाहा. उणे नऊ तास नावाची वस्तू निसर्गात नाही. ते नऊ तास कुठून तरी येतातच, आणि बहुतेक वेळा ते झोपेतून येतात. ४९ मधून ९ गेले तर ४० उरतात, म्हणजे रोज पावणेसहा तासांहूनही थोडी कमी झोप. एवढे करूनही अभ्यास, व्यायाम, घरी फोन आणि समाजसेवा यांच्या वाट्याला शून्य तासच येतात. अशा आठवड्यात राहणाऱ्या माणसाला 'तू समतोल साधत नाहीस' म्हणणे हिशोबाला धरून नाही.

यावरून पहिला नियम मिळतो : समतोलाची चर्चा करण्याआधी शिल्लक काढा. शिल्लक उणे असेल तर सवयी बदलून फारसे काही होणार नाही. तिथे ड्युटीची रचनाच बदलावी लागते.

३. शंभर टक्के वापर का चालत नाही?

शिल्लक शून्याच्या वर आहे म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. हे समजण्यासाठी रांगांच्या सिद्धांतातील एक सोपा नमुना पाहू.

एका ओपीडीत एक डॉक्टर आहे. एका रुग्णाला तपासायला सरासरी ६ मिनिटे लागतात, म्हणजे क्षमता तासाला १० रुग्णांची. रुग्ण ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी एकदम चार येतात, कधी दहा मिनिटे कोणीच येत नाही. कोणाचे काम दोन मिनिटांत होते, कोणाला वीस मिनिटे लागतात. तासाला येणाऱ्या रुग्णांची सरासरी संख्या भागिले क्षमता याला आपण 'वापर' म्हणू. तासाला ८ रुग्ण आले तर वापर ०.८.

अशा साध्या रांगेसाठी सूत्र असे आहे :

सरासरी प्रतीक्षा = तपासणीचा सरासरी वेळ × वापर ÷ (१ − वापर)

किमती घालून पाहू.

वापर ०.५ : प्रतीक्षा ६ मिनिटे
वापर ०.८ : प्रतीक्षा २४ मिनिटे
वापर ०.९ : प्रतीक्षा ५४ मिनिटे
वापर ०.९५ : प्रतीक्षा ११४ मिनिटे

वापर ०.८ वरून ०.९ झाला, म्हणजे तासाला फक्त एक रुग्ण वाढला, पण प्रतीक्षा दुपटीहून अधिक झाली. पुढे तासाला अर्धा रुग्ण वाढला तर ती पुन्हा दुप्पट होते. वापर १ जवळ जातो तसतसा सूत्रातील छेद शून्याकडे जातो आणि रांग अमर्याद वाढू लागते.

प्रत्यक्ष ओपीडी या नमुन्याइतकी सरळ नसते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे कुठल्या रुग्णालयाला लावू नका. आलेखाचा आकार मात्र तसाच राहतो. जिथे येणारे काम अनियमित असते, तिथे क्षमता काठोकाठ भरली की व्यवस्था हळूहळू बिघडत नाही, एकदम कोसळते.

व्यवस्थापकाला वापर ०.८ असणारा डॉक्टर 'वीस टक्के रिकामा' दिसतो. पण त्या वीस टक्क्यांतच अचानक आलेला गंभीर रुग्ण सामावतो, नातेवाइकांना दोन वाक्ये जास्त सांगता येतात, सिस्टरला पाणी प्यायला वेळ मिळतो आणि केसपेपर पुन्हा एकदा वाचला जातो. हा मोकळा भाग काढून घेतला, तर अनियमिततेचा धक्का थेट जेवणाच्या सुट्टीवर आणि झोपेवर बसतो.

याच नमुन्यातून आणखी एक गोष्ट दिसते. दोन डॉक्टरांच्या दोन स्वतंत्र रांगा आहेत आणि दोघांचा वापर ०.९ आहे. प्रत्येक रांगेत सरासरी प्रतीक्षा ५४ मिनिटे. आता रुग्ण तेवढेच ठेवून दोन्ही रांगांची एकच रांग केली आणि जो डॉक्टर मोकळा होईल त्याच्याकडे पुढचा रुग्ण पाठवला, तर प्रतीक्षा सुमारे २६ मिनिटांवर येते. माणसे वाढवली नाहीत, काम कमी केले नाही. फक्त भार वाटून घेतला. 'माझा रुग्ण मीच पाहणार' हा आग्रह भावनेच्या दृष्टीने चांगला वाटला तरी त्याची किंमत किती असते, ते या आकड्यांवरून कळते.

४. थकलेले शरीर आणि निर्णय

यंत्र थकले तर आवाज करते, गरम होते. माणसाची अडचण अशी की थकलेल्या मेंदूला आपण थकलो आहोत हेच नीट कळत नाही.

१९९७ मध्ये डॉसन आणि रीड या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात एक तुलना प्रसिद्ध केली. हात आणि डोळे यांच्या समन्वयाच्या चाचणीत सलग १७ तास जागे राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्यांइतकी घसरली. २४ तास जागे राहिल्यावर ती सुमारे ०.१० टक्के अल्कोहोलच्या पातळीची झाली. आपल्या देशात वाहन चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून रात्री अकरापर्यंत जागा असलेला माणूस निदान या एका चाचणीत तरी कायद्याच्या रेषेपलीकडे गेलेला असतो. मद्य घेतलेल्या डॉक्टरच्या हाती आपण सुई देणार नाही. पण सलग तीस तास जागा असलेल्या डॉक्टरच्या हाती ती रोज दिली जाते.

२००४ मध्ये बॉस्टनमधील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात इंटर्न डॉक्टरांची दोन वेळापत्रके ताडून पाहिली गेली. एकात २४ तास किंवा त्याहून लांब ड्युट्या होत्या, दुसऱ्यात त्या काढून टाकल्या होत्या. लांब ड्युट्यांच्या वेळापत्रकात गंभीर चुकांचे प्रमाण सुमारे ३६ टक्के जास्त आढळले. २००५ मध्ये अमेरिकेतील इंटर्नच्या एका पाहणीत असे दिसले की, लांब ड्युटीनंतर गाडी चालवत घरी जाताना अपघात होण्याची शक्यता एरवीच्या सुमारे २.३ पट असते. याचा अर्थ, थकव्याचा धोका रुग्णापुरता नाही. तो डॉक्टरला आणि रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसालाही आहे.

हा ताण महिनोन्‌महिने राहिला की जी अवस्था येते तिला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिचे वर्णन कामाशी निगडित घटना असे केले आहे. ती स्वतंत्र आजारांच्या यादीत नाही. तिची तीन लक्षणे लक्षात ठेवा : शक्ती पूर्ण संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल दुरावा किंवा तुच्छता वाटणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. दुसरे लक्षण सर्वांत फसवे आहे. रुग्णाला नावाऐवजी 'बेड नंबर सात' म्हणणे सोयीचे असते, पण तो माणूस त्रासदायक वस्तू वाटू लागला, तर थांबून स्वतःकडे पाहण्याची वेळ आली आहे. हे स्वभावाचे खोटेपण नाही, भाराचे लक्षण आहे.

५. तास कमी केले की पुरे होते का?

नियम काय सांगतात ते आधी पाहू. भारत सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग सक्रिय ड्युटी सामान्यतः १२ तासांपेक्षा जास्त नसावी, आठवड्याला साधारण ४८ तास काम असावे आणि पाळीपाळीने साप्ताहिक सुट्टी मिळावी, असे म्हटले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत 'वाजवी' कामाचे तास आणि विश्रांती असे शब्द आहेत, आकडा नाही. आयोगाच्याच कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची शिफारस केली : एक दिवस २४ तासांची ड्युटी, पाच दिवस प्रत्येकी १० तास आणि एक दिवस सुट्टी. अमेरिकेत २००३ पासून चार आठवड्यांच्या सरासरीने ८० तासांची मर्यादा आहे. युरोपीय संघात ती सरासरी ४८ तासांची आहे.

आता एक महत्त्वाचा अपवाद. २०२० मध्ये अमेरिकेतील सहा बालरुग्ण अतिदक्षता विभागांत लांब ड्युट्या बंद करून पुन्हा मोजणी झाली. या वेळी निकाल उलट आला : छोट्या ड्युट्यांच्या वेळापत्रकात गंभीर चुका जास्त झाल्या! मग झोपेचे महत्त्व खोटे ठरले का? संशोधकांनी आकडे तपासले तेव्हा कारण सापडले. जुन्या वेळापत्रकात एका डॉक्टरकडे सरासरी ६.७ रुग्ण होते. नव्यात ते ८.८ झाले होते. रुग्णसंख्येतील हा फरक हिशोबात घेतल्यावर छोट्या ड्युट्यांचा दोष उरला नाही.

मागच्या भागातील सूत्र आठवा. तास कमी केले पण माणसे वाढवली नाहीत, तर तेच काम कमी तासांत कोंबले जाते. वापर ०.८ वरून ०.९५ होतो. डॉक्टर ताजातवाना असतो, पण त्याला श्वास घ्यायला जागा नसते. म्हणून 'आठवड्याला किती तास' या प्रश्नाबरोबर 'एका माणसाकडे किती रुग्ण' हा प्रश्न नेहमी विचारा.

दुसरी अडचण हँडओव्हरची. ड्युट्या छोट्या केल्या की दिवसातून अधिक वेळा रुग्ण एकाकडून दुसऱ्याकडे सोपवावे लागतात, आणि सोपवताना माहिती गळते. यावर उपाय आहे. २०१४ मध्ये उत्तर अमेरिकेतील नऊ रुग्णालयांत हँडओव्हरची ठरावीक पद्धत शिकवली गेली. रुग्ण किती गंभीर आहे, आतापर्यंत काय झाले, काय करायचे राहिले आहे, रात्री काय बिघडू शकते आणि बिघडले तर काय करायचे, आणि शेवटी ड्युटी घेणाऱ्याने हे सगळे स्वतःच्या शब्दांत परत सांगायचे. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्यासारखे अपाय ३० टक्क्यांनी घटले. चांगला हँडओव्हर करता आला, तर घरी गेल्यावर मनाने वॉर्डातच राहावे लागत नाही. म्हणून मी त्याला स्वतःच्या काळजीचे एक साधनही मानतो.

६. स्वतःची काळजी : किमान कार्यक्रम

जागतिक वैद्यकीय संघटनेने २०१७ मध्ये डॉक्टरांच्या प्रतिज्ञेत सुधारणा केली. उत्तम दर्जाची सेवा देता यावी यासाठी डॉक्टरने स्वतःच्या आरोग्याकडे आणि क्षमतेकडेही लक्ष द्यावे, असा आशय तिच्यात आला. म्हणजे हे चैनीचे काम राहिलेले नाही, ते कर्तव्यात मोडते. पण फार लांबलचक यादी केली तर तीच एक ओझे होते. म्हणून किमान एवढेच करा :

१) झोपेचे तास लिहून ठेवा. दोन आठवडे नोंद ठेवली की अंदाज आणि वास्तव यांतील फरक कळतो.
२) रात्रपाळीनंतर स्वतः दुचाकी चालवू नका. अर्धा-एक तास झोपून निघा, किंवा बस, रिक्षा, सहकारी यांची सोय आधीच करून ठेवा.
३) पाळी संपण्याच्या सुमारास चहा-कॉफी टाळा. त्या वेळची तरतरी घरी गेल्यावर झोप उडवते.
४) तुमचा स्वतःचा एक डॉक्टर असू द्या. औषधे हाताशी असणाऱ्याला स्वतःच निदान करून स्वतःच गोळी घेण्याची सवय लागते. झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्यांच्या बाबतीत ती घातक ठरते.
५) हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण करून घ्या. सुई टोचण्याची घटना झाली तर लाजेने लपवू नका, लगेच कळवा. उपचारात वेळेला महत्त्व असते.
६) मन सतत खचलेले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर 'सगळेच थकतात' म्हणून सोडून देऊ नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती मोफत आहे आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येते. मित्र असे बोलला तर उपदेश न करता त्याच्याजवळ बसा आणि तो क्रमांक लावून द्या.

७. समाजसेवा : तीन नमुने

सेवा म्हटले की घरदार सोडून दुर्गम भागात गेलेल्या माणसाचे चित्र डोळ्यांपुढे येते. त्या माणसांबद्दल आदर ठेवूनही एक प्रश्न विचारायला हवा. ज्याला तसे जाता येत नाही, त्याने काय करायचे? आपल्या देशातच याची वेगवेगळी उत्तरे तयार आहेत.

पहिला नमुना : सेवा कामातच गुंफणे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, मदुराईत ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे वाकडी झाली होती, तरी त्यांनी शस्त्रक्रियेचे कौशल्य कमावले होते. रुग्णालयाच्या यशाचे कारण मात्र त्यांच्या एकट्याच्या त्यागात नाही, ते कामाच्या विभागणीत आहे. तपासण्या, मोजमापे, रुग्णाची तयारी ही कामे प्रशिक्षित मुली करतात. शस्त्रक्रियागृहात टेबले शेजारी शेजारी असतात. एकीकडची शस्त्रक्रिया संपते तेव्हा दुसऱ्या टेबलावरचा रुग्ण तयार असतो. शल्यविशारद फक्त त्यालाच जमणारे काम करतो. पैसे देऊ शकणाऱ्यांच्या शुल्कातून न देऊ शकणाऱ्यांचा खर्च भागतो. तिथल्या डॉक्टरला गरिबांच्या सेवेसाठी रविवारचा वेगळा वेळ काढावा लागत नाही. त्याच्या नोकरीचा दिवस हाच सेवेचा दिवस असतो.

दुसरा नमुना : थोडा पण ठरलेला वेळ. केरळमध्ये कोळिकोड येथे १९९३ मध्ये असाध्य आजाराच्या रुग्णांसाठी वेदनाशमन आणि परिहार सेवेची संस्था सुरू झाली. थोड्याच वर्षांत तिथल्या लोकांना जाणवले की, शेवटच्या आजारातील माणसाच्या गरजा रुग्णालयात भागत नाहीत. जखम धुणे, कूस बदलणे, गप्पा मारणे, रेशन पोहोचवणे, थकलेल्या बायकोला दोन तास झोपू देणे ही कामे शेजारीच करू शकतात. यातून कोळिकोड, मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत शेजारगटांचे जाळे उभे राहिले. स्वयंसेवकाकडून अपेक्षा होती आठवड्याला किमान दोन तासांची. पण त्याआधी प्रशिक्षण घ्यायचे, आणि मागे नर्स व डॉक्टर यांचा आधार असायचा. २००८ मध्ये केरळ सरकारने परिहार सेवेचे धोरण जाहीर केले.

दोन तास हा आकडा किरकोळ वाटतो. पण चाळीस माणसांचे दोन-दोन तास म्हणजे आठवड्याला ८० तास, आणि त्यात कोणाचीही झोप गेलेली नसते. एक जण आजारी पडला तर दुसरा जातो. इथेही भार वाटून घेण्याचे तेच तत्त्व आहे.

तिसरा नमुना : कौशल्य दुसऱ्याच्या हाती देणे. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. डॉक्टर प्रत्येक घरी पोहोचू शकत नाही, म्हणून त्यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २०११ पासून आशा सेविकांमार्फत घरोघरी नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. मात्र इथे एक इशारा हवा : काम खाली सोपवले की त्याचा मोबदला आणि आधारही सोपवावा लागतो. डॉक्टरचा भार हलका करून तो आशा ताईंच्या माथी मारला, तर समतोल साधला असे होत नाही.

या नमुन्यांवरून सेवा निवडताना तीन प्रश्न विचारा : वेळ ठरलेली आहे का? मी आलो नाही तर दुसरे कोणी येईल का? आजच्या कामाचा उद्या पाठपुरावा होईल का? रक्तदाब तपासणीच्या एका दिवसाच्या शिबिरात शंभर जण तपासले आणि ज्यांचा दाब जास्त निघाला त्यांना पुढे कुठे जायचे तेच सांगितले नाही, तर फोटो चांगले येतात, पण रक्तदाब तेवढाच राहतो. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आलेल्या कुटुंब दत्तक उपक्रमाकडे या दृष्टीने पाहा. तीच कुटुंबे पुन्हा पुन्हा भेटतात, यातच त्याचे मोल आहे.

८. उदाहरण : १७ तासांची आखणी

समजा, तुमची ड्युटी आठवड्याला ७४ तास आहे. भाग २ प्रमाणे झोप आणि घरकाम वजा जाता १७ तास उरतात. एक आखणी अशी होऊ शकते :

अभ्यास : ७ तास
व्यायाम : ३ तास, अर्ध्या तासाप्रमाणे सहा दिवस
घरची माणसे आणि मित्र : ३ तास
समाजसेवा : १ तास, म्हणजे दर पंधरवड्याला दोन तास
मोकळे : ३ तास

मोकळे तीन तास म्हणजे १७ पैकी सुमारे १८ टक्के. वापर ०.८ च्या आसपास ठेवला आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. एखाद्या दिवशी ड्युटी लांबली, तर धक्का आधी या तीन तासांना बसेल. झोपेला आणि सेवेला नाही. सेवेचा एक तास पाहून ओशाळू नका. शिकण्याच्या काळात तो एक तासच असेल, पुढे ड्युटी ४८ तासांवर आली की चार तासही होतील. परीक्षेच्या महिन्यात तो शून्य करायचा असेल तर गटाला आधी कळवा आणि आपल्या जागी कोण जाईल ते ठरवा. न सांगता गायब झालेला स्वयंसेवक वाट पाहणाऱ्या रुग्णाला जास्त दुखावतो.

ड्युटी १०० तास असेल तर मात्र अशी आखणी करत बसू नका. तासांची नोंद ठेवा, तुमच्या बॅचमधील सर्वांच्या नोंदी एकत्र करा आणि विभागप्रमुखांकडे किंवा निवासी डॉक्टरांच्या संघटनेकडे त्या घेऊन जा. एकट्याची तक्रार कुरकुर ठरते. वीस जणांच्या सहा आठवड्यांच्या नोंदी म्हणजे विदा असते, आणि विदा टाळणे कठीण जाते.

९. सारांश

आठवड्यात १६८ तास आहेत आणि झोप व देहधर्म यांचे तास त्यातून सर्वांत आधी वजा होतात. अनियमित येणाऱ्या कामासाठी क्षमतेचा काही भाग मोकळा ठेवावाच लागतो. थकव्याने निर्णय बिघडतात, आणि ते बिघडल्याचे थकलेल्याला कळत नाही. तासांबरोबर प्रत्येकामागची रुग्णसंख्याही मोजली पाहिजे. स्वतःची काळजी ही सेवेच्या दर्जाची अट आहे. समाजसेवा टिकते ती ठरलेल्या वेळेमुळे, वाटून घेतलेल्या भारामुळे आणि पाठपुराव्यामुळे.

१०. स्वाध्याय

१) स्वतःच्या मागील सात दिवसांच्या तासांची नोंद करून शिल्लक काढा. तूट असल्यास ती कोणत्या खात्यातून भरली गेली ते लिहा.
२) एका औषधाच्या दुकानात एका ग्राहकाला सरासरी ४ मिनिटे लागतात आणि तासाला १२ ग्राहक येतात. भाग ३ मधील सूत्राने सरासरी प्रतीक्षा काढा. तासाला १४ ग्राहक आले तर ती किती होईल? (उत्तर : १६ मिनिटे, ५६ मिनिटे)
३) २००४ आणि २०२० च्या अभ्यासांचे निकाल परस्परविरोधी का वाटतात आणि ते एकत्र कसे समजून घ्यावेत, ते दहा ओळींत लिहा.
४) तुमच्या परिसरातील एका आरोग्य शिबिराला भाग ७ मधील तीन प्रश्न लावा. उत्तर 'नाही' आले असेल तिथे एक व्यवहार्य सुधारणा सुचवा.
५) अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी : १२ परिचारिका, ८ तासांच्या तीन पाळ्या आणि प्रत्येकीला आठवड्यातून एक सुट्टी, अशा वॉर्डचे सात दिवसांचे वेळापत्रक बनवा. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी कोणालाही सकाळपाळी येऊ नये, ही अट पाळा. एक परिचारिका अचानक आजारी पडली तर तुमचे वेळापत्रक किती दिवस तग धरते ते तपासा.